बेंटिऊच्या आधी जुबा: मधल्या नावाचा घोळ

दक्षिण सुदानला कामाला आहे म्हटल्यावर लोक मलेरियाचं विचारतात, सापांचं विचारतात, गोळीबाराचं तर हमखास. मधल्या नावाचं कुणी विचारत नाही. म्हणून आपणहून लिहितेय, आणि अजून राग गेलेला नाही तोवरच लिहितेय.

माझं काम पाणी आणि स्वच्छतेचं, म्हणजे विस्थापितांच्या छावणीत पिण्याचं पाणी, संडास, मैला उपसा. २०१९ च्या महापुरात सांगलीत हेच केलं होतं. त्या अनुभवावर एका परदेशी संस्थेनं दक्षिण सुदानच्या उत्तरेकडच्या बेंटिऊ शहरातल्या छावणीसाठी घेतलं. व्हिसा झाला, पीतज्वराची लस झाली, मुंबईहून अदिस अबाबामार्गे राजधानी जुबाला पोचले. (लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याच्या पिवळ्या कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथल्या तिथे ताडून बघा. परतताना कार्ड नसेल तर मुंबईत ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.)

मग आला प्रश्न कामाच्या परवान्याचा.

माझी पदवी आपल्याकडच्या पद्धतीची. आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यात मधे नवरा आणि शेवटी सासरचं आडनाव. अनुभवाचे दाखले काही या नावावर, काही त्या. महाराष्ट्रात निम्म्या बायकांच्या फायली अशाच असतात, कुणी ढुंकून बघत नाही.

परवान्याच्या खिडकीपलीकडचा माणूस उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं पदवी आणि पासपोर्टची प्रत शेजारी शेजारी ठेवली. पेनाचं टोपण आधी वडिलांच्या नावावर टेकवलं, मग नवऱ्याच्या, आणि विचारलं, "यातले तुमचे वडील कोण?"

"हे वडील. हा नवरा."

"मग नवरा तुमच्या नावात काय करतोय?"

यावर मी काय बोलणार! त्या देशात नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं. लग्न झालं म्हणून बाईचा बाप बदलत नाही. म्हणजे मधलं नाव काय असतं हे त्याला आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं, आणि तिथेच गोची होती. त्याच्या हिशेबानं मी दुसऱ्याच कुणा बाईची पदवी घेऊन आले होते.

फाइल परत. परवान्याशिवाय संस्था जुबाबाहेर पाठवेना. कंपाउंडमधली कंटेनरची खोली, रात्रंदिवस जनरेटर, अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही, रस्त्यात मोबाइल काढून फोटो काढायचे नाहीत. आणि रोज सकाळी बेंटिऊचा अहवाल ईमेलवर: अमुक भागातले संडास भरले, मैला उपसायची गाडी चिखलात रुतली. माणूस नाही म्हणून तिकडे काम अडलेलं आणि तो माणूस जुबात बसून डाळ-भात खातोय. मी त्या दिवसांत घरच्यांवरही खेकसले असेन.

त्यात संस्थेच्या मुख्यालयातून उपाय आला: विद्यापीठाकडून नव्या नावाची पदवी आणा. ज्यानं आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर कधी उभं राहून पाहिलंय, त्याला हे पुढे सांगायला नको. परवान्याचं काम बघणारा स्थानिक सहकारी तेवढा शहाणा निघाला. तो म्हणाला, पदवीला हात लावू नका, दोन्ही नावं एकाच कागदावर दिसतील असं काहीतरी द्या.

असे कागद तीन निघाले. एक, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. जुबात आपला दूतावास आहे, तिथे ते करून मिळतं. दुसरा, लग्नाचा दाखला. माझा ग्रामपंचायतीचा, निव्वळ मराठीत. भावानं सांगलीत भाषांतर करून, नोटरी करून स्कॅन पाठवला. आणि तिसरा कागद पहिल्यापासून माझ्या पर्समध्ये होता! पासपोर्टचं शेवटचं पान. त्यावर वडील, आई आणि नवरा, तिघंही छापलेले. संस्थेनं अर्जाला फक्त फोटोचं पान जोडलं होतं. खिडकीतल्या माणसानं शेवटचं पान वाचलं, मान डोलावली आणि मलाच विचारलं, "हे आधी का नाही दिलं?" मी आभार मानले. दुसरं काय तोंडून निघालं असतं ते लिहीत नाही.

तर लग्नानंतर नाव बदललं असेल तर या तिन्हींची इंग्रजी, नोटरी केलेली प्रत निघण्याआधी तयार ठेवा. नाव बदललंच नसेल तर तुम्ही सुखी आहात.

बेंटिऊत मात्र पहिल्या दिवसापासून रुळले. माती आपल्याकडच्यासारखीच काळी, पायाला किलोकिलोनं चिकटणारी. फरक एवढाच की कृष्णेचं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरलं, इथे २०२१ पासून शहराला पाण्याचा वेढा आहे. जमीन सपाट, त्यामुळे पाणी वाहून जायला वाट नाही. छावणी आणि धावपट्टी मातीच्या बंधाऱ्यांच्या जिवावर कोरडी. खड्डा खणला की लगेच पाणी लागतं, म्हणून संडास उंचावर बांधायचे आणि मैला उपसत राहायचा. त्यात ढिलाई झाली की काय होतं ते इथे दिसलंय: हिपॅटायटिस ईची, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची साथ. त्या आजाराची लस साथ चालू असताना जगात पहिल्यांदा दिली गेली ती याच बेंटिऊच्या छावणीत, मार्च २०२२ मध्ये.

राहिलेलं: डॉलर घेताना कोऱ्या, नव्या सालच्या नोटा मागा. जुनी, दुमडलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट जुबात कुणी घेत नाही. जुबाहून पुढे बेंटिऊला नेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विमानात माझ्या वेळी सगळं मिळून २० किलोच नेता येत होतं, तेव्हा लोणच्याची बरणी काचेची नको. गमबूट तिकडे मिळतात, पण पाय लहान असेल तर भारतातूनच न्या. बायकांच्या मापाचे मला शोधूनही सापडले नाहीत.