तुम्ही विचारलंत म्हणून: वाफेचं सोडून डिझेलच का?

मिरजेच्या आमच्या घरी टेबलावर मॉडेल रेल्वेचे छोटे रूळ मांडलेले दिसले की पाहुणे हमखास विचारतात, "एवढे कष्ट घ्यायचे तर वाफेचं इंजिन करायचं. ही डिझेलची पेटी कशाला?"

पेटी आहे म्हणूनच. वाफेच्या इंजिनाचे दांडे, सिलिंडर, हलती चाकं सगळं बाहेर असतं. नजर तिकडं जाते आणि बाकीच्या चुका खपून जातात. डिझेलला ती सोय नाही. सपाट पत्रा, दारांच्या रांगा, जाळ्या आणि कठडे, एवढंच. कठडा जरा जाड झाला की त्याचं खेळणं होतं. म्हणून मी त्यासाठी ०.४ मिलिमीटरची तार वापरतो.

माझं इंजिन म्हणजे भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल. अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून १९६२ मध्ये ते भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. खऱ्याची लांबी १७.१२ मीटर, माझं १:८७ प्रमाणात साधारण १९.७ सेंटिमीटर. तीन-तीन आसांच्या दोन चौकटींवर ते उभं असतं, पण त्यातला मधला आस बरोबर मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. चाकं सारख्या अंतरावर बसवलेलं मॉडेल दुरून छान दिसतं. ज्यानं फलाटावर उभं राहून ही इंजिनं पाहिलीत, त्याला मात्र ते पटत नाही.

रुळांचं दुखणं वेगळं. बाजारात या प्रमाणाचे रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटर अंतराचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात अंतर १९.३ मिलिमीटरच्या आसपास असायला हवं. समोरून पाहिलं तर इंजिन रुळांपेक्षा जास्तच रुंद वाटतं. मी ते चालवून घेतलंय. सगळे रूळ हातानं बांधायचे तर इंजिनाला हात लावायला वेळच उरणार नाही.

मुलं विचारतात, डिझेल कुठं घालायचं? हा प्रश्न मला मोठ्यांच्या प्रश्नापेक्षा आवडतो. खऱ्या इंजिनात डिझेलवर जनित्र फिरतं आणि त्या विजेवर प्रत्येक आसाची स्वतंत्र मोटर चालते; इंजिन आणि चाकं यांना जोडणारा दांडा तिथं नाहीच. मॉडेलमध्ये नेमकं उलटं. वीज रुळांतून येते, मोटर मधे एकच, आणि तिच्यापासून दोन्हीकडं दांडे जाऊन दातेरी चाकांनी सगळे आस फिरतात. मोटरच्या दोन्ही टोकांना पितळेची जड चाकं असतात. रुळावर धूळ बसून वीज क्षणभर तुटली, तरी त्यांच्या जोरावर गाडी गचका न देता पुढं सरकते.

वेगाबद्दलही सांगतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे टेबलावर सेकंदाला जेमतेम ३८ सेंटिमीटर. बहुतेक जण याच्या दुप्पट पळवतात, मग इंजिनाचं वजन जाणवत नाही.

आता आपल्या मार्गावर विजेच्या तारा आल्यात. पण जड गाडी जागची हलवताना आल्को जो काळा धूर सोडायचं, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना मॉडेलवरचा चकचकीत रंग खटकतो. चालकानं जोर वाढवला की इंधन आधी पोचायचं, टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, हवा मागून यायची. जळायला हवा पुरायची नाही आणि धूर व्हायचा. म्हणून माझ्या इंजिनाचं छत धुराड्याभोवती काजळलेलं आहे. ते पुसून काढा असं सांगू नका.