तुम्ही विचारलेत म्हणून: जानेवारीतल्या अंदमानासाठी वेटसूट किती जाड घ्यावा?

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा मालवणला किंवा तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली उतरून आलेले, त्या वीस मिनिटांनी वेडावलेले आणि आता जानेवारीत अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा रीतसर कोर्स करायचे ठरवलेले लोक असतात. तिथले पाणी कितपत गार असते, आणि वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, ३ मिलिमीटरचा घ्यावा की ५ मिलिमीटरचा, एवढेच त्यांना हवे असते. माझे उत्तर असे आहे: अंगाला नेमका बसणारा, हातपाय पूर्ण झाकणारा ३ मिलिमीटरचा सूट घ्या, आणि त्याच्या आत घालायला डोक्याची टोपी जोडलेले, निओप्रीनचे, म्हणजे वेटसूटच्याच फेसाळ रबराचे, पातळ बिनबाह्यांचे जॅकेट जवळ ठेवा. हे उत्तर ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही, कारण त्यांनी पाण्याचे तापमान आधीच शोधून ठेवलेले असते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत अंदमानच्या पाण्याचे तापमान साधारण २७ ते २८ अंश सेल्सिअस असते. पुण्यात जानेवारीतल्या पहाटे हा आकडा वाचणाऱ्याला ते कोमटच वाटणार. मात्र पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि पाण्यात स्वस्थ असलेल्या उघड्या शरीराला आपली ऊब टिकवायला ३३ अंशांच्या वरचे पाणी लागते. म्हणजे २८ अंशांचे पाणीही तुमची उष्णता अखंड घेत राहते. फक्त इतक्या हळू, की पहिल्या अर्ध्या तासात त्याची जाणीव होत नाही. त्यात टाकीतली हवा कोरडी असते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती गरम आणि दमट करण्यातही शरीराची उष्णता खर्च होते.

म्हणूनच पहिल्या दिवशीच्या पहिल्या डायव्हवरून सूटची जाडी ठरवणे मला चुकीचे वाटते. पहिल्या दिवशी शॉर्टी, म्हणजे अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्याच्या वर संपणारा सूट घालूनही मजेत वर येता येते. दिवसाला दोन किंवा तीन डायव्ह, असे सलग चार दिवस गेले की हिशेब बदलतो, कारण दोन डायव्हच्या मधल्या तासाभरात आणि अपुऱ्या झोपेच्या रात्रीत शरीर पूर्ण भरून येत नाही. सूट निवडावा तो सहलीतल्या शेवटच्या डायव्हच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधी ५ मीटरवर काही मिनिटे थांबणे, त्याच मिनिटांत येतो; शरीरात विरघळलेला नायट्रोजन तेव्हा बाहेर पडत असतो, आणि हातपाय गारठून त्यांतला रक्तप्रवाह मंदावला तर तो बाहेर पडण्याचे कामही मंदावते. मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर पाण्याचे तापमान दाखवतो, पण तुम्हाला थंडी वाजते आहे हे त्याला कळत नाही.

माणसामाणसांतला फरक इथे मिलिमीटरच्या फरकाहून मोठा ठरतो. माझा धाकटा भाऊ अंगाने भरलेला आहे आणि त्याच पाण्यात, त्याच वेळेला, शॉर्टीवर खूश असतो; मी बारीक असल्यामुळे टोपीशिवाय उतरत नाही. त्यामुळे दुसऱ्याने काय घातले होते हे विचारण्यापेक्षा सिनेमागृहातल्या एसीत तुम्हाला शाल लागते का, हे स्वतःला विचारलेले बरे.

आता जाडीविषयी. वेटसूटच्या आत शिरलेले पाणी अंगाच्या उष्णतेने तापते आणि तेच आपल्याला ऊब देते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ऊब राखतात ते निओप्रीनमधले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेटसूटची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या विचारातली मेख हीच होती: उष्णता अडवण्याचे काम कापडातला वायू करत असेल, तर अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही. गोधडीत ऊब असते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, तसेच हे आहे. फरक इतकाच, की समुद्र ही गोधडी दाबत जातो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो, आणि त्या प्रमाणात बुडबुडे आक्रसतात. रबर स्वतः दबत नाही, त्यामुळे सूट अगदी चतुर्थांश जाडीचा होत नाही. पण दुकानात हातात घेतलेले ३ मिलिमीटर खाली ३ राहत नाहीत, हे खरे.

स्वराज द्वीपाजवळच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकजवळच्या, जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकल यांसारख्या खोल जागांवर हे जाणवते. तिथे कधी कधी थर्मोक्लाइनही भेटतो, म्हणजे जिथून पाणी एकदम गार होते तो थर. अंदमानचा समुद्र पोटातल्या प्रचंड अंतर्गत लाटांसाठी समुद्रशास्त्रात प्रसिद्ध आहे, आणि अशा लाटा खालचे गार पाणी वर ढकलतात. टोपीचे जॅकेट मी सुचवते ते अशा वेळेसाठी.

तरीही खरी थंडी वाजते ती पाण्याबाहेर, हे नवख्यांना सांगून पटत नाही. त्या दिवसांत ईशान्येचा वारा असतो, डुंगीसारख्या उघड्या होडीला आडोसा फारसा नसतो, आणि ओल्या सूटवरून पाणी उडून जाताना अंगातली ऊबही घेऊन जाते. दोन डायव्हच्या मध्ये सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग पुसा आणि वर साधे विंडचीटर चढवा. दोन मिलिमीटर जादा निओप्रीनपेक्षा या विंडचीटरचा उपयोग मला नेहमीच जास्त झाला आहे.

मग सरळ ५ मिलिमीटरचाच का नको? जाड सूट जास्त तरंगतो, म्हणून कमरेला एक-दोन किलो जादा शिसे बांधावे लागते. खाली सूट दबला की ते शिसे जड होते आणि बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या फुगवत्या जॅकेटमध्ये, हवा भरावी लागते. वर येताना सूट पुन्हा फुलतो, टाकीतली हवा संपत आल्याने टाकी हलकी झालेली असते, आणि नेमके सेफ्टी स्टॉपलाच नवख्या माणसाला स्वतःला आवरता येत नाही. शिवाय उन्हात सामान चढवताना त्या सूटमध्ये घामाच्या धारा लागतात. तीन अधिक टोपी या जोडीत हवे ते काढता-घालता येते. ज्यांना मुळातच फार थंडी वाजते त्यांनी मात्र ५ जरूर घ्यावा, पण आधी उथळ पाण्यात शिशाचे वजन तपासून.

सूट अंगाला बसला नाही तर हे सारे हिशेब व्यर्थ आहेत. कंबरेच्या खळगीत, काखेत आणि मानेशी पोकळी राहिली, तर प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत-बाहेर करत राहते. जुन्या भाड्याच्या सूटमधले बुडबुडे वापराने चेपलेले असतात, म्हणून निओप्रीन दोन बोटांत दाबून पाहावे. ते उसळून वर आले नाही तर दुसरा सूट मागावा. हात पूर्ण झाकलेले असण्याचा आणखी एक फायदा असा, की जेलिफिशच्या तंतूंपासून आणि उन्हापासूनही बचाव होतो.

मालवणच्या उथळ पाण्यातल्या छोट्या डायव्हसाठी यातले काहीच लागत नाही. तिथे देतील तो सूट चालतो. तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्यावर, जानेवारीत पाणी २२ अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी किमान ५ मिलिमीटर घ्यावा आणि टोपीही घ्यावी. अंदमानसाठी सूट भाड्याने मिळतो, बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटरचाच. तुमच्या मापाचा आहे का, हे केंद्राला उंची आणि वजन कळवून आधी विचारा. टोपीचे जॅकेट मात्र विकत घ्या, कारण ते भाड्याने क्वचितच मिळते आणि बॅगेत दोन टी-शर्टांएवढ्या जागेत मावते.