कडू लागलं की नापास

इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी घेऊन येणार असाल, तर एका छोट्या परीक्षेची तयारी ठेवा. हवेतले बारीक कण गाळणारा एफएफपी-३ मास्क लावायचा असेल तर इथे आधी फिट टेस्ट होते, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते तपासतात, आणि ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी. आपल्याकडे रुळलेल्या एन-९५चं कापड किमान ९५ टक्के कण अडवतं, एफएफपी-३चं ९९ टक्के. पण नाकाशेजारी बारीकशी फट राहिली तर हवा कापडातून कशाला जाईल? ती फटीतूनच आत येणार.

टेस्टच्या आधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. डोक्यावर प्लास्टिकचा हूड चढवतात आणि मास्क न लावताच आत बिट्रेक्सचं पातळ द्रावण फवारतात. हे इतकं कडू की कारलं परवडलं. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा. १० फवाऱ्यांत चव कळली तर तुमचा आकडा १०, नाहीतर २० किंवा ३०. तिसातही कळली नाही तर ही टेस्ट तुमच्यासाठी नाही. मग कण मोजणारं यंत्र वापरतात.

मग तोंड धुऊन मास्क लावायचा, ५ मिनिटं तसंच राहायचं आणि पुन्हा हूडखाली जायचं. आता द्रावण जास्त तीव्र असतं. सुरुवातीला तुमच्या आकड्याइतके फवारे, पुढे दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. त्यातच एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने वाचन, कमरेत वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. मध्येच कडू लागलं तर नापास. बोलताना जबडा हलला की हनुवटीखालची कड सुटते, त्यामुळे वाचनाला बरेच जण अडकतात.

नापास होण्याची कारणं बहुतेक साधी असतात. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना पोकळी राहते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यावी. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर, खालचा कानांखालून मानेवर, आणि दोन्हींची फुली होऊ द्यायची नाही. दाढीचे खुंटही चालत नाहीत. शिफ्टच्या आधीच्या ८ तासांत दाढी केलेली हवी. धर्मामुळे दाढी राखणाऱ्यांना मोटरवर हवा खेचणारा हूड मिळतो. शीख डॉक्टरांनी दाढीवर रबरी पट्टी घट्ट बांधून वर मास्क लावण्याची पद्धतही काढली. तिचं नाव सिंग ठाठा.

आणि चेहरा लहान असेल तर दोष स्वतःला देऊ नका. बरेच मास्क पुरुषी चेहऱ्याच्या मापाने घडवलेले असतात, त्यामुळे बायका जास्त नापास होतात. सरळ दुसरं मॉडेल मागा. पास झालेल्या मॉडेलचं नाव लिहून ठेवा, कारण २०२० मध्ये पुरवठा तुटला तेव्हा स्टोअरमधून भलतीच मॉडेलं येऊ लागली, आणि दर वेळी टेस्ट पुन्हा करावी लागली.

काढताना क्रम चुकवू नका: हातमोजे, गाऊन, चष्मा, आणि मास्क सगळ्यात शेवटी, पेशंटच्या खोलीबाहेर आल्यावर. आधी खालचा पट्टा, मग वरचा. समोरून हात लावायचा नाही. मग हात धुवा. पेशंट गेल्यावर त्या खोलीत बिनमास्क शिरायचीही घाई नको. खोलीतली हवा एकदा बदलली की साधारण ६३ टक्के कण जातात, पाचदा बदलल्यावर १ टक्क्याहून कमी उरतात. तासाला ६ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत याला ५० मिनिटं लागतात, म्हणून इथे तासभर थांबतात.