एक ओळ तीनदा

शनिवार-रविवारी रात्री नऊनंतर ताटं टीव्हीसमोर आली की घरोघरी परीक्षक तयार होतात. वरातीपलीकडे ज्यांनी कधी पाऊल उचललं नाही, तेही भाकरीचा तुकडा मोडत "फिनिशिंग कमी पडलं" असं सांगून मोकळे होतात. नृत्यस्पर्धेची खरी गंमत हीच, आणि १९९६ साली 'बूगी वूगी' सुरू झालं तेव्हापासून ती आहे. २००५ मध्ये 'नच बलिये'चं पहिलं पर्व सचिन आणि सुप्रिया पिळगांवकरांनी जिंकलं, पुढे 'एका पेक्षा एक'मध्ये सचिन महागुरू झाले, आणि मराठी घरातला हा परीक्षक आणखीनच धीट झाला. तेव्हा लावणीबद्दल त्यानंही चार शब्द बोलायला हरकत नाही.

कारण लावणीचा भाग प्रत्येक पर्वात हमखास येतो. धूर सुटतो, नऊवारी झळकते, ढोलकी कडाडते, परीक्षक उभं राहून शिट्ट्या वाजवतात. आणि दोन मिनिटांत सगळं संपतं. पोट भरलं की नाही, हे कळायच्या आत पंगत उठावी तसं.

गोम त्या दोन मिनिटांतच आहे. मूळ गाणं चार-पाच मिनिटांचं. स्पर्धेसाठी ते कापताना ठरलेली कात्री चालते: मुखडा ठेवा, एक अंतरा ठेवा, दुसरा उडवा, ढोलकीचा तुकडा पुढे ओढा आणि शेवट द्रुत करा. हिपहॉपला हे मानवतं. लावणीत मात्र नेमकी पहिली जाते ती पुनरावृत्ती. "तीच ओळ परत कशाला?" असं संकलकाला वाटतं. लावणी तर त्या परतण्यातच असते.

समजा, ओळ एवढीच आहे की 'आज उशीर का झाला'. पहिल्यांदा ती येते तेव्हा नजर दाराकडे जाते, भुवई किंचित वर, हात स्थिर. दुसऱ्यांदा तीच ओळ, पण आता पदराचं टोक तर्जनीभोवती गुंडाळलं जातंय आणि नजर खाली. म्हणजे प्रश्न रागाचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. तिसऱ्यांदा ती पाठ फिरवते, खांद्यावरून अर्धाच चेहरा दिसतो आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. शब्द तेच, बाया तीन. यमुनाबाई वाईकरांसारख्या बैठकीच्या लावणीतल्या कलावंत हे सगळं बसल्या जागी करत, पाय न हलवता. टीव्हीवर ओळ एकदाच येते, म्हणून तिला एकच अर्थ उरतो. आणि एकच ठेवायचा म्हटल्यावर सगळ्यात सोपा ठेवतात. मग डोळा मारणं आलंच.

बरं, एकदा आलेली अदा तरी पूर्ण दिसावी. भुवई उचलणं, नजर टाकणं, ती वळवून घेणं याला तीन सेकंद लागतात. दीड सेकंद होतो न होतो तोच दृश्य बदलतं आणि आपण क्रेनवरच्या कॅमेऱ्यातून तिच्या अंबाड्यावरचा गजरा बघत असतो. गजरा सुंदर असतो, तक्रार नाही. पण परत खाली येईपर्यंत नजर वळून गेलेली असते. अदेच्या वेळी चेहरा आणि ढोलकीच्या तुकड्याला पाय, एवढं साधं गणित. बहुतेक वेळा नेमकं उलटं घडतं.

पायांवरून आठवलं. ढोलकी आणि चाळ, म्हणजे पायात बांधायची घुंगरांची माळ, यांची जुगलबंदी म्हणजे वादकानं बोल टाकायचा आणि नाचणारीनं तोच पायातून परत द्यायचा. चौफुला, मोडनिंबच्या थिएटरांतल्या संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या पार्टीच्या कार्यक्रमात, ढोलकीवाला तिच्या पावलाकडे बघत वाजवतो. ती अर्धी मात्रा रेंगाळली तर तोही रेंगाळतो. अकलूजच्या लावणी स्पर्धेतही पार्ट्या आपापले वादक घेऊन उतरत. स्टुडिओत ढोलकी बहुधा ध्वनिमुद्रित असते, घुंगरांचा आवाजही त्यातच भरलेला. म्हणजे सवाल आणि जबाब दोन्ही आधीच ठरलेले. पायांनी फक्त होकार द्यायचा. पायात पन्नास घुंगरं असली तरी घरात दीडशेंचा आवाज येतो. तिहाईच्या, म्हणजे तीनदा येणाऱ्या तुकड्याच्या, शेवटी पाय समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की केसभर मागाहून, हे कानांना कळतच नाही.

कळून घ्यायचं असेल तर उपाय आहे. ढोलकीचा तुकडा लागला की आवाज बंद करा आणि फक्त टाचा बघा. पूर्ण टाच जमिनीला भिडते आहे की नुसता चवडा थरथरतो आहे? आवाज सुरू असताना सोळा ठोके ऐकू येतात, पाय मात्र आठच मारतात, असंही सापडतं. यात मुलीचा दोष थोडा. चकचकीत, दिवे पेटणाऱ्या जमिनीवर घामेजलेला अनवाणी पाय सटकतो. लाकडी फळ्यांसारखी ती ठोक्याला दादही देत नाही. चाळ सैल बांधली असेल तर आणखी पंचाईत. घोट्याच्या वर, आतून कापडाची पट्टी घेऊन ती आवळून बांधावी लागते. नाहीतर पाय थांबल्यावरही घुंगरं वाजत राहतात आणि प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटतं.

नऊवारीचीही एक गोष्ट. हल्ली साडी शिवलेली असते, पाच मिनिटांत चढते. नेसलेल्या साडीत काष्ट्याला जी ढील मिळते, ती शिवणीत मिळत नाही. त्यामुळे गुडघे फाकवून खोल बैठक घेताना कापड मागून ओढतं आणि बैठक अर्ध्यावर थांबते. परीक्षक म्हणतात, "बैठक आणखी खाली हवी होती." अहो, शिंप्याला विचारा! पण शिंपी तरी काय करणार? नृत्यदिग्दर्शकानं लावणीत कोलांटी घातलेली असते, आणि नेसलेली साडी कोलांटीत सुटते. म्हणून शिवायची, म्हणून बैठक नाही. एका कोलांटीपायी एवढी उलथापालथ. पुरुष लावणी करतो तेव्हा तर विनोदी कार्यक्रम असल्यासारखं हसून घेतात. तमाशात एके काळी नाच्या पोऱ्या, म्हणजे बाईच्या वेशातला मुलगाच, नाचायचा, हे कुणाच्या गावीही नसतं.

गुणांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. तीन परीक्षक, प्रत्येकी दहा गुण. पण आठाच्या खाली कुणी उतरत नाही आणि साडेनऊच्या वर क्वचित जातं. म्हणजे तीसपैकी खरी स्पर्धा साडेचार गुणांची. एवढ्याशा फरकावर प्रेक्षकांची मतं येऊन पडली की निकाल मतांचाच लागतो. ज्या जिल्ह्यानं एकजुटीनं मतं पाठवली, त्याचा पोरगा अंतिम फेरीत.

तरी एखादी येते. ढोलकीचा तुकडा तिला फारसा जमत नाही, कोलांटी तर नाहीच. पण अंतऱ्याची ओळ कात्रीतून कशी कोण जाणे दोनदा सुटलेली असते. पहिल्यांदा ती सरळ समोर बघते. दुसऱ्यांदा कमरपट्ट्यावरचा हात हळूच सोडते, मान वळवायला लागते, खांद्याच्या रेषेवर हनुवटी येते, आता नजर उचलणार, आणि पडद्यावर टाळ्या वाजवणारे परीक्षक.