मोठा एसी घेण्याआधी घर तपासून घेतलं

जुनं घर, डोक्यावर थेट काँक्रीटचा स्लॅब. थर्मामीटर २७ दाखवायचं, एसी चालू असायचा, तरी रात्री तळमळ. घरात दोनच मतं होती: जास्त टनाचा एसी घ्या किंवा सोसा. मी एनर्जी ऑडिट करणाऱ्याला, म्हणजे घरात ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणाऱ्याला, बोलावलं.

त्याने एसीकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री नऊनंतरच येतो, ही अट त्याचीच. इन्फ्रारेड थर्मामीटर छतावर रोखलं: ३९. पश्चिमेची भिंत ३५, आतली पार्टिशनची २८. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता काही तास उशिरा आत सोडतो, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. आणि आपल्याला जे जाणवतं ते हवेचं तापमान आणि भोवतालच्या भिंती-छताचं तापमान यांची साधारण सरासरी असते. आमचं थर्मामीटर फक्त हवेचा आकडा दाखवत होतं.

मग ब्लोअर डोअर चाचणी. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात पंखा बसवतात, तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि आत-बाहेर ५० पास्कलचा दाबफरक तयार होतो. फटींपाशी धूर धरला की गळती लगेच कळते. खिडक्या गळणार हे अपेक्षित होतं, पण स्विचबोर्डातून वारा येईल असं वाटलं नव्हतं. सिलिकॉन आणि रबरी पट्ट्यांनी ते काम चटकन उरकलं. फटी बुजवल्यावर बाथरूम-स्वयंपाकघरात एक्झॉस्ट मात्र हवाच, नाहीतर दमट हवा कोंडून कोपऱ्यांत बुरशी धरते. घरात गॅसवर चालणारं काही असेल तर ताज्या हवेची वाट मुळीच बंद करू नका.

खरी ओढाताण स्लॅबवरून झाली. कंत्राटदाराला आतून फॉल्स सीलिंगमध्ये उष्णता अडवणारं इन्सुलेशन भरायचं होतं, कारण गच्चीला हात लावावा लागत नाही. पण तसं केलं तर स्लॅब उन्हात तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो आणि तडे वाढतात. मी वरूनच करायचं ठरवलं: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस बोर्ड (इन्सुलेशनचे कडक फोमचे तक्ते), मग संरक्षक थर आणि सगळ्यात वर पांढरा परावर्तक लेप. बोर्डांच्या सांध्यात फट राहिली की तिथून उष्णता खाली उतरते, म्हणून काही ओळी काढून पुन्हा बसवून घेतल्या. कंत्राटदार वैतागला. वैतागू दे.

आता रात्री छत ३१ च्या आसपास असतं. एसी २७ वर आणि सोबत मंद पंखा, एवढ्यावर भागतं. बिलाचं विचाराल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना फसवी, कारण दोन उन्हाळे सारखे नसतात. म्हणून एसीच्या लाइनवर सबमीटर, म्हणजे फक्त एसीची वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवलाय आणि बाहेरच्या तापमानासोबत रीडिंग लिहून ठेवतोय. पश्चिमेच्या खिडकीचं काम अजून बाकी आहे. आतला जाड पडदा तिथे फारसा उपयोगी नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन पडदाच तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. लूव्हर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या, बाहेरूनच बसवायचे आहेत, सुतार माप घेऊन गेलाय.