जेंटू नोंदवही: जुन्या सोर्सची आवराआवर

शनिवार रात्र

लॅपटॉपवर जेंटू, म्हणजे सॉफ्टवेअर सोर्समधून आपल्याच मशीनवर कंपाइल करून घेणारी लिनक्स. रूट पार्टिशन ६० जीबीचं, त्यात जेमतेम ३ जीबी मोकळे. अशात एलएलव्हीएम या अवाढव्य कंपायलर-संचाचं अपडेट समोर उभं. मधेच जागा संपून बिल्ड फसण्यापेक्षा आधी घर झाडू म्हटलं.

पहिलं काम मोजणीचं. डीयू ही जागा मोजणारी कमांड लावून पाहिलं: डिस्टफाइल्समध्ये, म्हणजे उतरवलेल्या सोर्सच्या फोल्डरात, १७ जीबी, युएसआर-एसआरसीखाली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्सची चार झाडं, म्हणजे चार आवृत्त्यांचे फोल्डर, मिळून ९ जीबी, पोर्टेज या जेंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या तात्पुरत्या फोल्डरात फसलेल्या बिल्डचे २ जीबी. हे शेवटचं लगेच उरकलं. कुठलंही इमर्ज (पोर्टेजची इन्स्टॉल करणारी कमांड) चालू नाही हे बघितलं, लॉग वाचून झाले होते, आतलं सगळं पुसलं.

डिस्टफाइल्सचं काम सावकाश करावं लागतं. पोर्टेज मूळ टारबॉल, म्हणजे सोर्सची गठ्ठा-फाइल, उतरवतं, पण कंपाइल झाल्यावर तो स्वतःहून काढत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं फायरफॉक्स, क्यूटी, जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या साचत जातात. जेंटूलकिट या साधनसंचातलं इक्लीन-डिस्ट यासाठीच आहे. नुसतं चालवलं तर ट्रीमधल्या (जेंटूच्या पॅकेज-संग्रहातल्या) कुठल्याही इबिल्डला, म्हणजे पॅकेज बांधायच्या कृतीला, लागणारी फाइल ते राखतं. डीप पर्याय दिला की इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांपुरतंच राखतं, बाकी उडवतं. दोन्ही आधी प्रिटेंडवर, म्हणजे काही न पुसता नुसती यादी दाखवायला लावून, चालवून पाहिले: नुसत्यानं ५ जीबी सुटत होते, डीपनं ११.

डीपच घेतलं, पण दोन कुंपणं घालून. एक, गेल्या दोन आठवड्यांतल्या फाइलींना हात नाही, कारण नवी आवृत्ती बिघडली तर मागे फिरताना त्याच लागतात. दुसरं जास्त महत्त्वाचं. काही टारबॉल परवान्याच्या अटींमुळे पोर्टेजला उतरवता येत नाहीत, ते आपणच आणून ठेवतो. माझ्याकडे एका जुन्या स्कॅनरच्या ड्रायव्हरचा असा टारबॉल आहे आणि बनवणाऱ्यांच्या साइटवरून तो केव्हाच नाहीसा झालाय. सध्या तो इन्स्टॉल नाही, म्हणजे डीपच्या तडाख्यात नक्की सापडला असता. अशा हातानं आणाव्या लागणाऱ्या, म्हणजे फेच-रिस्ट्रिक्टेड, फाइली वाचवण्याचा पर्याय दिला, शिवाय त्या टारबॉलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकली. मंडळी, यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय एंटर दाबू नका. मी सगळी वाचली, पाऊण तास गेला, आणि तो सत्कारणी लागला असंच म्हणेन.

रविवार

आज कर्नल. इथे मी पूर्वी एकदा पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तेव्हा युएसआर-एसआरसीमधलं एक झाड जुनं समजून सरळ पुसलं होतं. सोर्स पुन्हा उतरवता येतो, पण त्या फोल्डरात डॉट-कॉन्फिग, म्हणजे कर्नलच्या निवडलेल्या पर्यायांची फाइल, होती. या लॅपटॉपच्या वायफाय आणि टचपॅडसाठी कित्येक रात्री एकेक पर्याय चालू-बंद करून बसवलेली ती फाइल, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. वाचलो ते एकाच गोष्टीमुळे: कर्नलमध्ये आयके-कॉन्फिग (ही फाइल कर्नलच्या पोटातच ठेवणारा पर्याय) आणि ती प्रॉक फोल्डरातून दाखवणारा त्याचा जोडपर्याय चालू होता आणि तोच कर्नल बूट झालेला होता. प्रॉकखालच्या कॉन्फिग-जीझेडमधून ती जशीच्या तशी परत काढली. तुमच्या कर्नलमध्ये हे दोन्ही पर्याय नसतील तर पुढच्या बिल्डला जरूर घाला.

यावेळी आधी चारही डॉट-कॉन्फिग आवृत्तीच्या नावानं घरच्या फोल्डरात ठेवल्या. मग यूनेम कमांड लावून चालू कर्नल कोणता ते पाहिलं: ६.१२. अडचणीला ६.६ चा एक राखायचा, म्हणून त्याचा नेमका स्लॉट (म्हणजे तीच आवृत्ती) इमर्जचा नोरिप्लेस पर्याय वापरून वर्ल्ड फाइलीत, म्हणजे राखायच्या पॅकेजांच्या यादीत, नोंदवला. तसं न करता डेपक्लीन (नको असलेली पॅकेजं काढणारा इमर्जचा पर्याय) चालवलं असतं तर त्यानं सर्वांत नवी आवृत्ती तेवढी ठेवली असती. मग डेपक्लीन चालवलं, ६.१ चे दोन्ही गेले.

डेपक्लीननंतरही ६.१ चे फोल्डर जागेवर दिसतात, त्यानं नवख्यांनी गोंधळून जाऊ नये. पोर्टेज फक्त स्वतः टाकलेल्या फाइली काढतं. आपण मेक चालवल्यावर तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइलींची त्याच्याकडे नोंद नसते. ते फोल्डर हातानं काढले, पूर्ण पाथ टाइप करून, तारांकन न वापरता. त्याच आवृत्त्यांचे लिब-मॉड्यूल्समधले फोल्डर आणि बूटमधल्या इमेजही काढल्या आणि ग्रब या बूटलोडरची यादी नव्यानं बनवली. मग ई-सिलेक्टनं तपासलं की युएसआर-एसआरसीमधली लिनक्स ही सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) ६.१२ कडेच बघतेय. ती तुटली तर एन्व्हिडिया, झेडएफएससारखी बाहेरून बांधली जाणारी मॉड्यूल्स पुढच्या वेळी बांधली जाणार नाहीत.

रीबूट करून दोन्ही कर्नल एकेकदा चालवून पाहिले. वायफाय, टचपॅड ठीक.

आता १९ जीबी मोकळे आहेत आणि एलएलव्हीएम लावलंय. गिट-थ्री-एसआरसीमधले लाइव्ह इबिल्डचे (थेट गिटवरून ताजा सोर्स घेणाऱ्या इबिल्डचे) क्लोन अजून बाकी आहेत, साधारण ३ जीबी. त्यातल्या दोन प्रकल्पांवर माझे स्वतःचे पॅचेस चालू आहेत. ते आधी एटसी-पोर्टेजच्या पॅचेस फोल्डरात नीट लावतो, मगच तिकडे वळतो.