आमची वाटचाल: उत्तरेची खिडकी

येवल्यातला आमचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. सुरुवातीला पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लग्नाच्या ऑर्डरी, एवढंच काम. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली, पैठणीच्या दुकानांत गिऱ्हाईक येईना. तेव्हा मागच्या गल्लीतले विणकर काका चार पैठण्या घेऊन आले. "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्यात, जरा नीट फोटो काढून दे."

आम्ही लग्नातलाच फ्लॅश लावला. जरीचे धागे पांढरेफटक झाले, पदरावरचे मोर सपाट पडले. मग फ्लॅश काढला आणि ट्यूब चालू ठेवून खिडकीजवळ फोटो घेतले. कॅमेऱ्यात छान दिसले. त्यातली मोरपंखी पैठणी पुण्याला गेली आणि आठ दिवसांत परत आली. फोटोत निळी दिसली होती, हातात हिरवट निघाली. चूक सर्वस्वी आमची. ट्यूबच्या आणि दिवसाच्या उजेडाचा रंग वेगळा. दोन्ही एकत्र पडले की व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगाची जुळवणी) कितीही फिरवा, कुठला तरी रंग बिघडतोच. काका एक शब्द बोलले नाहीत. साडीची घडी मोडली होती, तेवढी नीट घालून घेऊन गेले. त्यांच्या घरातल्या दोघांची दीड महिन्याची मेहनत होती ती.

तेव्हापासून पैठणी आली की ट्यूब बंद. उत्तरेच्या खिडकीला पांढरा मलमलचा पडदा, समोरच्या बाजूला उजेड परतवायला दीडशे रुपयांचा थर्मोकोल, मध्ये लाकडी दांडीवर साडी. कॅमेरा जुनाच, 50 एमएमची लेन्स, ट्रायपॉड. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 8, शटर हळू आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. पहिला फोटो ग्रे कार्डाचा, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याचा. पावसाळी ढगांचा दिवस आमचा सगळ्यात लाडका; अख्खं आभाळच मऊ दिवा होतं.

मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो-मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळी तिरकं ऊन याच खिडकीतून आत येतं. त्या दिवसांत पडदा दुहेरी करतो आणि अकरा ते दोनमध्येच काम उरकतो. पहिल्या वर्षी हे कळायला दोन आठवडे गेले.

धूपछांव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. समोरून उजेड टाकला तर एकच रंग दिसतो. खिडकी बाजूला ठेवून कापडाला एक चुणी दिली की चढावर एक रंग, उतारावर दुसरा. असे दोन फोटो आम्ही देतोच. शिवाय पदर उलटा करून त्याचाही एक. हातमागाच्या पदरावरची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, नकलेत मागे कापलेले धागे लोंबतात. पैठणीला 2010 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं, पण दूरच्या गिऱ्हाइकाला पटवायला मागच्या बाजूचा हा फोटो फार उपयोगी पडतो. ही कल्पना माझ्या बायकोची. पैठणीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिचं माहेरच विणकरांचं.

आता बरेच विणकर घरीच मोबाईलवर फोटो काढतात. ट्यूब बंद करा, दारात उभे राहा पण उन्हात नको, समोर थर्मोकोल धरा, हे आम्हीच त्यांना शिकवलं. मित्र म्हणाले, पोटावर पाय आणतोयस. साध्या बुट्टीच्या साड्यांचं काम कमी झालं, हे खरं. भरजरी पदर मात्र अजून आमच्याच खिडकीत येतात. काकांचा परवा आला, नारळी काठाचा, मागावरून नुकताच उतरवलेला.